विश्वास देवावर, सही विचार करून

आम्ही बचत गटाच्या बायका. दर वेळी हिशोबाच्या वहीतलं काही सांगतो, आज मात्र आमची एक चूक सांगणार आहोत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची उपासना संपली आणि मंडळीतल्या एक ताई कागद घेऊन आल्या. मुलीच्या लग्नासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायचं होतं. म्हणाल्या, "नुसती जामीन म्हणून सही करा, बाकी देव बघून घेईल." आमच्यातल्या दोघींनी तिथेच सह्या केल्या. आपलीच बहीण, कागद वाचायला कसा मागायचा?

पुढे पावसाने दगा दिला, हप्ते थकले आणि नोटीस आमच्या दारात आली. कायद्याने कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची, हे तेव्हा कळलं. एकीला शेळ्या विकाव्या लागल्या. त्याहून वाईट म्हणजे ताई लाजेने चर्चला यायच्याच बंद झाल्या. प्रेमापोटी केलेल्या सहीने बहीणच दुरावली.

मग आम्ही मिळून शास्त्र उघडलं. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्याला जामीन राहिलेल्याला बजावलंय की झोप घेऊ नको, आधी त्यातून मोकळा हो. लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याचा दाखला देतात. तो दाखला शिष्य होण्याचं मोल समजावण्यासाठी आहे, पण त्यातला शहाणा माणूस काय करतो? आधी बसून खर्चाचा हिशोब करतो. म्हणजे हिशोब विचारणं हा काही अविश्वास नव्हे.

आता आम्ही तीन गोष्टी पाळतो.

पहिली, सही त्याच दिवशी करायची नाही. "रात्रभर विचार करते, प्रार्थना करते, घरात बोलते, उद्या सांगते," एवढं म्हणायचं. आजच सही पाहिजे म्हणून जो घाई करतो, त्याच्यापाशी जास्त जपायचं.

दुसरी, व्याज कशावर लागतं ते विचारायचं. समजा, 30,000 रुपये महिना 2 टक्क्यांनी 12 महिन्यांसाठी घेतले. पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज धरलं, तर 7,200 रुपये होतात. दरमहा 2,500 मुद्दल फेडून फक्त उरलेल्या रकमेवर धरलं, तर 3,900. टक्का तोच, पण फरक 3,300 रुपयांचा!

तिसरी, जेवढं बुडालं तरी आपली चूल पेटती राहील, तेवढ्यालाच जामीन राहायचं. तेवढंही झेपत नसेल, तर हात जोडून नाही म्हणायचं आणि दुसऱ्या वाटेने मदत करायची. लग्नात पायलीभर गहू द्यावेत, दोन दिवस पोळ्या लाटायला जावं. तीही बहिणीची मायाच.

मागच्या नाताळात आम्ही त्या ताईंच्या घरी गेलो. आधी दोघी-तिघी रडलो, मग चहा झाला. आता त्या महिन्याला 500 रुपये परत करतात आणि पुन्हा आमच्याच बाकावर बसतात. शेळीवाली अजून त्यांच्याशी मोजकंच बोलते. त्याला वेळ लागेल.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी कागद पुढे केला, तर आधी चष्मा मागा, मग पेन. भेटू पुढच्या वेळी. देव तुमचं कल्याण करो.