शनिवार-रविवारचा अभ्यास : रावेरीची सीता



पुराणे व लोककथा यांचा घरबसल्या अभ्यास करणाऱ्यांनी येत्या शनिवारी-रविवारी काय करावे, एवढेच आज सांगावयाचे आहे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात, रावेरी नावाचे गाव आहे. तेथे सीतेचे देऊळ आहे; त्यात शेजारी राम नाही. शेतकरी संघटनेचे कै. शरद जोशी यांनी पुढाकार घेऊन या देवळाचा जीर्णोद्धार घडवून आणला.

गावकरी सांगतात ते असे. रामाने टाकलेली सीता या रानात आली व येथेच प्रसूत झाली. बाळंतिणीला धान्य हवे म्हणून तिने गावात पसाभर गहू मागितले. कोणीही दिले नाहीत. तेव्हा तिने शाप दिला की, या गावात गहू पिकणार नाही. पुढे लवकुशांनी यज्ञाचा घोडा अडविला आणि सोडवावयास आलेल्या हनुमंताला वेलींनी बांधून टाकले.

आता शनिवारचे काम. वहीचे तीन भाग पाडा. पहिल्यात वाल्मीकींच्या उत्तरकांडातील कथा लिहा. तेथे लक्ष्मण सीतेला वाल्मीकींच्या आश्रमानजीक सोडतो, आणि कुश-लव रामाच्या यज्ञमंडपात रामायण गातात; घोड्यावरून युद्ध तेथे नाही. दुसऱ्या भागात जैमिनी अश्वमेधातील कथा लिहा. घोडा अडविणे व पितापुत्रांचे युद्ध तेथे सापडेल. तिसऱ्यात रावेरीची कथा लिहा. गहू फक्त या तिसऱ्या भागात आढळतील.

मग साहजिकच प्रश्न येईल, की यांतील खरी कोणती? मी म्हणेन, हा प्रश्न आज पुरता बाजूस ठेवा आणि दुसरा विचारा : गहू कोठून आले? आपला मुलूख कापसाचा, ज्वारीचा, तुरीचा. गव्हाला रब्बीत पाणी लागते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याजवळ ते कोठले? घरी भाकरी रोजची आणि पोळी सणाची. असे का, याचे उत्तर माणसाने कथेत शोधले असावे. अशा कथेस कारणकथा म्हणावे. आज ओलिताच्या सोयीने व नव्या वाणांनी गहू पिकू लागला, तरी कथा राहिलीच. याचा अर्थ तिच्यात गव्हाहून मोठे काही आहे.

ते काय, पाहा. गावे आपल्या पूर्वजांच्या शौर्याच्या कथा सांगतात. हे गाव आपल्या पूर्वजांचा अपराध सांगते. दारी आलेल्या टाकलेल्या स्त्रीला आम्ही मूठभर धान्य दिले नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या बोलून दाखविणे सोपे नव्हे. आणि ही कथा ऐकणाऱ्या बायांत नवऱ्याने टाकलेली एखादी लेकही बसलेली असे. तिला हे पुराण दूरचे वाटले नसेल. सीतेचा वनवास जात्यावरच्या ओव्यांत इतका का आला, हेही यावरून उमगते. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. परंतु ज्या घरी जाते थांबले आणि टिपून घेणारे कोणी आले नाही, तेथील ओव्या गेल्या त्या गेल्याच.

म्हणून रविवारी एखाद्या वृद्ध माणसापाशी बसा. भ्रमणध्वनीवर आवाज टिपावयाचा असल्यास प्रथम परवानगी घ्या. सांगणाराचे वय, गाव, त्याने कथा कोणाकडून ऐकली, हे लिहा. वऱ्हाडी बोलीतील शब्द पुस्तकी करू नका. केळापूर, झरी जामणी या भागांतील मित्रांनी गोंड वा कोलाम आजोबांकडे जावे. गोंडी व कोलामी या द्राविड कुळातल्या स्वतंत्र भाषा आहेत, मराठीची मोडतोड नव्हे. कथा मूळ भाषेत लिहून मग मराठीत उतरावी.

आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा. आजी चुकली असे वाटले तरी मध्येच, "आजी, पुस्तकात असे नाही," असे म्हणू नका. या एका वाक्याने ती गप्प होईल, आणि पुन्हा सांगावयास बसेलच असे नाही. पुस्तक ग्रंथालयात उद्याही मिळेल. आजीचे तसे नाही. तिची कथा ग्रंथाहून जेथे वेगळी होते, नेमके तेथेच आपल्या अभ्यासाला आरंभ होतो.

सोमवारी वही उघडाल तेव्हा तीन भागांच्या शेजारी चौथा भाग पाडावा लागला, तर हे दोन दिवस सार्थकी लागले असे समजा. पुढील खेपेस कळंबच्या चिंतामणीकडे, जमिनीखाली पायऱ्या उतरून जावयाच्या त्या देवळाकडे आणि तेथील इंद्राच्या कथेकडे वळू.