येनावरचा कोसा

अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांधच्या जंगलात पावसाळ्यात येनाच्या फांद्या जरा निरखून बघा. पानाच्याच रंगाची, बोटाहून जाड हिरवी अळी दिसली, तर ती टसर पतंगाची. आपण जिला कोशाची अळी म्हणतो, तीच.

अंड्यातून आठ-दहा दिवसांत बाहेर पडलेली ही अळी येन, अर्जुनाचा पाला महिनाभर अधाशासारखी खाते, चार वेळा कात टाकते आणि मग कोसा विणते. आधी डहाळीला रेशमाची कडी घालते, तिला देठ जोडते, आणि त्या देठाला टणक कोसा लोंबतो. हिवाळा-उन्हाळा आत झोपून काढायचा आणि पावसाची चाहूल लागली की बाहेर यायचं! पतंग तोंडातल्या पाझराने कोसा मऊ करून बाहेर पडतो. पुढे आठवडाभराचंच आयुष्य, तेही उपाशी. कारण त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. तेवढ्यात मादी दीड-दोनशे अंडी घालते.

कोसापालन इथल्या ढिवर समाजाचा जुना व्यवसाय. पण येन तुटला आणि पतंग निघण्याआधीच रानातले सगळे कोसे तोडले, तर पुढची पिढी येणार कुठून? तेव्हा रानात कोसे वेचताना थोडे झाडावर राहू द्या.