‘टु’च्या पुढें काय यावें?

नोकरीच्या अर्जाचें शेवटचें वाक्य पुष्कळ सुशिक्षित घरांतून एकाच सांच्यांतून निघतें : ‘आय लुक फॉरवर्ड टु मीट यू.’ हेतु विनयाचा खरा, पण वाक्य अशुद्ध. ‘टु मीटिंग यू’ असें हवें. अर्ज वाचणारा भाषेचा जाणकार असला, तर उमेदवाराचे सारे गुण वाचून झाल्यावर हाच डाग त्याच्या डोळ्यांपुढें राहतो.

‘टु’च्या पुढें मूळ धातु येतो असें शाळेंत शिकविलें होतें ना, असें कोणी विचारील. शिकविलें तें खरें. परंतु इंग्रजींत ‘टु’ दोन आहेत. ‘आय विश टु मीट यू’ यांतील ‘टु’ क्रियापदाच्या रूपाचाच अंश आहे. ‘लुक फॉरवर्ड’च्या मागून येणारा ‘टु’ मात्र आपल्या शब्दयोगी अव्ययाच्या जातीचा. त्याला नामच लागतें. ‘टु युअर रिप्लाय’, ‘टु द हॉलिडेज’. तेथें क्रियापद आणावयाचें, तर त्यास नामाचा वेष चढवावा लागतो. ‘मीटिंग’ हें तें रूप.

मौज ही, कीं हा भेद मराठी माणसास उपजतच ठाऊक असतो. ‘तुम्हांस भेटूं इच्छितों’ असें आपण म्हणतों. पण ‘भेटूं वाट पाहतों’ असें लहान मूलहि म्हणणार नाहीं. ‘भेटण्याची वाट पाहतों’ असेंच म्हणेल. ‘भेटणें’ हें धातुसाधित नाम, म्हणून तर त्याला षष्ठी लागली. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं निघालें. तेव्हांपासून आपण विभक्ति घोकीत आलों, आणि इंग्रजी लिहितांना ती शिदोरी सोडीतच नाहीं!

इंग्रजीचाहि थोडा दोष आहेच. हजार वर्षांपूर्वीं हे दोन्ही ‘टु’ एकच होते. ‘टु’ घेणाऱ्या धातुरूपास त्या काळीं चतुर्थीचा प्रत्यय लागे; आपल्या ‘भेटावयास’सारखेंच तें रूप. पुढें प्रत्यय झिजून गेला, ‘टु’ तेवढा उरला, आणि दिसण्यांत जुळे असे दोन शब्द आपल्या वांट्यास आले.

या जुळ्यांची खरी परीक्षा ‘यूज्ड टु’ येथें होते. ‘आय यूज्ड टु लिव्ह इन मुंबई’ म्हणजे पूर्वीं मी मुंबईस राहत असें. ‘आय ॲम यूज्ड टु लिव्हिंग इन मुंबई’ म्हणजे मुंबईंत राहण्याची मला संवय आहे. पाहा, येथेंहि ‘राहण्याची’ आलेंच. संशय पडल्यास क्रियापद काढून तेथें एखादें नाम ठेवावें. ‘आय ॲम यूज्ड टु द हीट’ हें वाक्य उभें राहतें; ‘आय यूज्ड टु द हीट’ हें लंगडतें.