बर्फाखालची ऊब

इअरफोन लावलेत ना? मग आज थेट फ्रीजर उघडू.

मी स्टीलच्या वाटीत मिठाचं पाणी ठेवलं होतं. पहिल्यांदा रात्रभर विसरलो, सगळंच गोठलं, काही कळेना. दुसऱ्यांदा वर पापुद्रा धरल्याबरोबर काढलं, बर्फ विसळला आणि चाखला. पाण्यापेक्षा कितीतरी कमी खारट! कारण गोठताना पाण्याचे कण जी जाळी विणतात, तिच्यात मिठाला जागाच नसते. ते बाहेर ढकललं जातं.

आता ही वाटी आर्क्टिक महासागराएवढी करा. तिथलं पाणी उणे 1.8 अंशांच्या आसपास गोठतं. बर्फातून हाकललेलं मीठ आजूबाजूच्या पाण्यात उतरतं, ते जड होऊन खाली जातं आणि वरचे थर ढवळून निघतात. उन्हाळ्यात उलटं. वितळलेलं, कमी खारट पाणी हलकं, म्हणून वरच पसरतं. सायबेरियातल्या नद्या त्यात भर घालतात.

बरं, आपल्याला काय त्याचं? तर गंमत अशी, की या थंडगार पाण्याच्या खाली अटलांटिकहून आलेलं, शून्याच्या वरच्या तापमानाचं पाणी आहे. नॉर्वेच्या नान्सेन यांनी 1893 ते 1896 च्या मोहिमेत ते मोजलं. ‘फ्राम’ हे जहाज त्यांनी मुद्दाम बर्फात अडकवलं होतं, बरं का! पण गरम पाणी वर का येत नाही? कारण एवढ्या थंडीत पाणी जड की हलकं, हे तापमानापेक्षा मीठच जास्त ठरवतं. खालचं पाणी ऊबदार आहे, पण जास्त खारट आहे. म्हणून वरचा बर्फ टिकतो.

आणि आता हे झाकणच सैल होतंय. बॅरेंट्स समुद्राच्या उत्तर भागात वाहून येणारा बर्फ कमी झाला. म्हणजे वितळून मिळणारं गोडं पाणीही कमी. थर विस्कटतात, खालची ऊब वर येते, नवा बर्फ धरणं आणखी अवघड.

जवळच्याच स्वालबार्ड बेटांवर, कोंग्सफ्योर्डच्या पाण्याखाली, 2014 पासून भारताचं ‘इंडआर्क’ वेगवेगळ्या खोलीवरचं तापमान आणि खारटपणा मोजतंय. त्यामागे आपल्या गोव्यातलं, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र आहे.

घरी करून बघायचंय? बिटाच्या रसाचा बर्फ बनवा, खूप खारट पाण्यात अलगद सोडा. रंग वरच तरंगत राहील. फक्त चमचा फिरवू नका. फोटो पाठवा हं!