'अनियमित' या शब्दाविषयी



साहित्याच्या व्यासपीठावर दीर्घिकांचा विषय काढतो आहे, कारण बोलायचे आहे ते एका शब्दाविषयी. १९२६ मध्ये एडविन हबल यांनी दीर्घिकांचे वर्ग पाडले: लंबगोल, सर्पिल आणि यांत न बसणाऱ्या त्या अनियमित. पहिली दोन नावे आकार सांगतात. तिसरे नाव आपली चौकट अपुरी पडल्याचे सांगते.

१९६६ मध्ये हॅल्टन आर्प यांनी चाकोरीबाहेरच्या दीर्घिकांची ३३८ उदाहरणे छायाचित्रांसह प्रसिद्ध केली. त्यांतली २४४ वी नोंद आपल्या हस्त नक्षत्राच्या परिसरातली. तेथे दोन दीर्घिका एकमेकींत गुंतल्या आहेत आणि कीटकाच्या मिशांसारख्या दोन लांब शेपट्या बाहेर पसरल्या आहेत. १९७२ मध्ये आलार आणि यूरी टूमरे या भावांनी संगणकावर कणांच्या दोन चकत्या एकमेकींजवळून जाऊ दिल्या. केवळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने तशाच शेपट्या निघाल्या. तो विचित्र आकार म्हणजे एका भेटीचा इतिहास होता.

अशा भेटीत तारे सहसा आदळत नाहीत; त्यांच्यातले अंतर अफाट असते. आदळतात ते वायूचे ढग, आणि त्यांतून नवे तारे जन्मतात. अर्थात प्रत्येक अनियमित दीर्घिका विलीनच होत असते असे नाही. त्यासाठी पुरावा लागतो, आणि शेपट्या हा मोठा पुरावा. पण त्या फार अंधुक असतात. तासन्‌तास प्रकाश साठवावा लागतो, अनेक छायाचित्रे एकावर एक रचावी लागतात. पार्श्वभूमी काळीभोर, नेटकी करण्याच्या नादात शेपट्याच पुसल्या जातात. मग उरतो एक वेडावाकडा ठिपका.

आपण कन्नड, कोंकणी, हिंदी, गुजराती, तेलुगू यांच्या शेजारात मराठी बोलतो. विद्यार्थ्याच्या वहीत शेजारचा शब्द दिसला की तांबडी रेघ ओढणे सोपे असते. पण चावी आणि बटाटा पोर्तुगीजमधून आले, जमीन आणि बाजार फारसीतून. आज त्यांच्याखाली कोणी रेघ ओढत नाही. भाषा गुरुत्वाकर्षणाने चालत नाही, हे मान्य. निरीक्षकाची शिस्त मात्र दोन्हीकडे सारखीच. म्हणून माझी अध्यापकांना विनंती आहे: असा शब्द आढळला तर तो कोणाच्या तोंडून, कोणत्या गावात, कोणत्या अर्थाने आला ते आधी टिपून ठेवा. चूक की बरोबर, ते त्यानंतर ठरवू.