लाल गिटार आणि जुनें सागवान

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या युवक-पालक मेळाव्यांत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून धर्मगुरूनें मंदिराच्या पायाभरणीचा इतिहास सांगावा, देणगीदारांचे आभार मानावे आणि आशीर्वाद देऊन खालीं बसावें, असा शिरस्ता आहे. तें कार्य अध्यक्षमहाशयांनीं माझ्याहून अधिक चांगल्या रीतीनें पार पाडलें आहे. म्हणून आज मी एका गिटारीविषयीं बोलणार आहें.

कारण उघड आहे. महोत्सवाच्या पवित्र मिस्सेच्या वेळीं गिटार वाजावी कीं न वाजावी, या प्रश्नावरून गेले तीन महिने आपल्यांत दोन तट पडले आहेत. गायनवृंदाच्या दोन सभा मोडल्या. एका घरांत तर बाप आणि मुलगा यांच्यांत अबोला आहे. निकाल मीं द्यावा, असें दोन्ही पक्षांचें म्हणणें आहे. तो देण्यापूर्वीं दोन गोष्टी सांगतों. एक परक्या देशांतली, दुसरी माझ्या स्वतःच्या चुकीची.

मी शाळकरी मुलगा असतांना आमच्या आळींत एकच टेपरेकॉर्डर होता. आखातांत नोकरीस असलेल्या एका शेजाऱ्यानें तो आणला होता. त्याच्या ओटीवर बसून आम्हीं पांचसहा मुलांनीं ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदाचीं गाणीं प्रथम ऐकिलीं. शब्द निम्मे कळत नसत. परंतु त्यांतील गिटारीचा स्वर असा होता कीं, जणूं कोणी माणूसच गात आहे. कॅसेटची फीत गुंतली म्हणजे ती शिसपेनीनें पुन्हां गुंडाळावयाची, आणि तेंच गाणें पुन्हां ऐकावयाचें. आज पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही रसिकास या वृंदाची आठवण विचारा. तो गाण्याआधीं अशीच एखादी ओटी, एखादा मित्र, एखादी संध्याकाळ सांगूं लागतो.

हा वृंद 1970 सालीं लंडनमध्यें उभा राहिला. त्याचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी हा आपणांस सर्वस्वीं परका नव्हे. त्याचें मूळ नांव फारुख बलसारा. झांजीबारांत 5 सप्टेंबर 1946 रोजीं जन्मलेला हा पारशी मुलगा आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहांत राहून शिकला, आणि तेथेंच सोबत्यांसह त्यानें आपला पहिला वाद्यवृंद काढिला. परंतु मला आज सांगावयाचें आहे तें त्याच्या शेजारीं उभ्या राहणाऱ्या उंच, कुरळ्या केसांच्या वादकाविषयीं व त्याच्या लाल गिटारीविषयीं.

ब्रायन मे हा 1963 सालीं सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. दुकानांतील चांगली विजेची गिटार घेण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती. त्याचे वडील हॅरोल्ड हे विद्युत्-यंत्रांचे जाणकार व हातानें कामें करणारे गृहस्थ होते. बापलेकांनीं ठरविलें कीं, गिटार आपणच करावयाची. एका स्नेह्याच्या घरांतून काढून टाकलेल्या शेकोटीच्या चौकटीचें जुनें महोगनी लांकूड त्यांनीं आणिलें व त्यांतून गिटारीची मान कोरून काढिली. त्या लांकडास कीड लागलेली होती. तीं छिद्रें आगकाड्यांचे तुकडे घालून बुजविलीं. अंगाच्या मधल्या भागास जुन्या टेबलाचें ओकचें लांकूड लाविलें. पट्टीवरील खुणांसाठीं आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांचीं बटणें आलीं. सूर हालविण्याच्या यंत्रास जुन्या मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगा बसविल्या. त्या यंत्राचा दांडा सायकलच्या पिशवीच्या कडीचा, आणि दांड्याचें टोक आईच्या विणकामाच्या सुईचें! असें हें काम सुमारें दोन वर्षें चाललें, आणि एकंदर खर्च आठ पौंडांच्या आसपास आला.

मित्रांनो, जगांतील मोठमोठ्या रंगभूमींवर जी गिटार वाजली, ती ही. तिच्या तारा तो छेडीत असे, तेंही सहा पेन्सच्या एका जुन्या नाण्यानें. लंडनच्या वेम्बली मैदानावर 13 जुलै 1985 रोजीं दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ जो जलसा झाला, त्यांत या वृंदास सुमारें वीसच मिनिटें मिळालीं. परंतु त्या वीस मिनिटांची आठवण लोक अद्यापि काढितात. पुढें 3 जून 2002 रोजीं, राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवांत, त्यानें बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर उभें राहून राष्ट्रगीत वाजविलें, तेंही याच गिटारीवर. किडक्या लांकडाचा आणि आईच्या बटणांचा सुवर्णमहोत्सवांत झालेला तो मान आपण आपल्या महोत्सवांत आठवावा, हें अयोग्य नव्हे.

या कथेस दुसरीही बाजू आहे. तो मुलगा खगोलशास्त्राचा विद्यार्थी होता. डॉक्टरच्या पदवीसाठीं चाललेला त्याचा अभ्यास त्यानें गाण्यापायीं अर्धवट सोडिला, तेव्हां त्याच वडिलांस अत्यंत दुःख झालें. ज्या बापानें लेकासाठीं दोन वर्षें लांकूड तासलें, त्यालाच त्या लांकडाचें फळ कडू लागलें. दोघांत दुरावा आला. पुढें मुलानें वडिलांस न्यूयॉर्कला नेलें व मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथील भरलेल्या सभागृहांत आपलें वादन ऐकविलें. तेव्हां वडिलांचें मन वळलें. हॅरोल्ड 1988 सालीं निवर्तले. मुलानें तो सोडलेला अभ्यास पुन्हां हातीं घेऊन ग्रहांमधील धूलिकणांवरील प्रबंध 2007 सालीं पुरा केला. तें पाहावयास वडील राहिले नव्हते.

या वृंदाच्या जीवनांतील सर्वच गोष्टी अनुकरणीय आहेत, असें माझें म्हणणें नाहीं. आणि त्यांचा न्याय करणें हें माझें काम नव्हे. फ्रेडी मर्क्युरी 24 नोव्हेंबर 1991 रोजीं एड्सच्या दुखण्यानें वारला, तेव्हां मी सेमिनरींत होतों. माझ्या एका सोबत्यानें भीतभीत विचारलें, “त्याच्यासाठीं प्रार्थना करूं या काय?” आम्हीं दोघांनीं मागच्या बागेंत फिरत फिरत रोजरीचा एक दशक म्हटला. त्याबद्दल मला कधींच पश्चात्ताप झाला नाहीं.

पश्चात्ताप झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. मी नवा साहाय्यक धर्मगुरु असतांना, दुसऱ्या एका धर्मग्रामांत, सोळासतरा वर्षांचा एक मुलगा रविवारच्या मिस्सेपूर्वीं गिटार घेऊन गायनवृंदाच्या सज्जावर आला. विचारलें नाहीं, पाहिलें नाहीं, सर्वांच्या देखत मीं त्याला म्हटलें, “हें सोंग बाहेर ठेवून ये.” मुलगा एक शब्दही बोलला नाहीं. तो खालीं उतरला, आणि पुन्हां वर आला नाहीं. पुढें कित्येक महिन्यांनीं त्याचे वडील मला रस्त्यांत भेटले. ते पेशानें सुतार होते. ते शांतपणें म्हणाले, “फादर, ती गिटार मोडकी मिळाली होती. त्यानें व मीं मिळून ती सांधली होती. आमचें दोघांचें एवढें एकच काम एकत्र झालें.” मीं त्यांची क्षमा मागितली. मुलाची मागावयाची राहिली. तो तोंवर परदेशीं गेला होता. माझें तें एक वाक्य अद्यापि माझ्या कानांत आहे, आणि त्याचा सूर कोणत्याही वाद्याच्या सुरापेक्षां अधिक बेसूर आहे.

आतां ख्रिस्तसभेचें म्हणणें काय तें पाहूं. दहावे पायस यांनीं 1903 सालीं पियानो व ढोलझांजांसारखीं गोंगाटाचीं वाद्यें मंदिरांत वर्ज्य केलीं होतीं. आपल्या वडील मंडळींचा कटाक्ष त्याच परंपरेंतून आला आहे, व त्यामागें पवित्र स्थळाविषयींचा खरा आदर आहे. पुढें द्वितीय व्हॅटिकन परिषदेनें 4 डिसेंबर 1963 रोजीं उपासनेविषयींचा आपला लेख प्रसिद्ध केला. त्यांत पाइप ऑर्गनचा मान अबाधित ठेवून इतर वाद्यांसही, अधिकाऱ्यांच्या संमतीनें, वाव दिला; अट एवढीच कीं, तें वाद्य पवित्र कार्यास योग्य असावें, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभावें आणि भाविकांच्या भक्तीस पोषक व्हावें. पाहा, त्या बापलेकांनीं लांकूड तासावयास घेतलें, तें याच 1963 सालीं!

याच परिषदेचा आणखी एक आग्रह होता, तो लोकांनीं स्वतः उपासनेंत भाग घेण्याचा. या बाबतींत त्या वृंदापासूनही शिकण्यासारखें आहे. रिओ येथें 1985 सालच्या जानेवारींत त्यांनीं एक हळुवार गीत आरंभिलें. सोबतीस साधी, विजेवांचून वाजणारी गिटार होती. समोरचा अफाट समुदाय, ज्याची भाषा पोर्तुगीज, तो तें इंग्रजी गीत स्वतःच गाऊं लागला. गायक थांबला व ऐकत राहिला. रसिकांच्या आठवणींत त्या रात्रीचें स्थान फार उंच आहे, कारण त्या रात्रीं ते श्रोते उरले नाहींत. जें वाद्य लोकांचा कंठ मोकळा करितें तें मंदिरास साजतें. जें वाद्य लोकांस मुकें करून आपणच मिरवतें तें साजत नाहीं, मग तें गिटार असो वा पेटी असो.

म्हणून माझा निकाल असा आहे. महोत्सवाच्या मिस्सेंत पेटीही वाजेल आणि दोन गिटारीही वाजतील. परंतु जीं गीतें सबंध मंदिरास पाठ आहेत, तींच गाइलीं जातील, आणि आवाज इतकाच राहील कीं, शेवटच्या बाकावरील आजीबाईस स्वतःचा स्वर ऐकूं यावा. तालमीस तरुणांबरोबर वडील मंडळींपैकीं किमान चार जणांनीं बसावें.

आणखी एक विनंती आहे. जुन्या मंदिराच्या छपराचें सागवान मागच्या पडवींत पडून आहे. तें विकावें, असा ठराव समितीपुढें आला आहे. तें विकूं नये. आपल्या धर्मग्रामांत रंधा आणि पटाशी चालविणारे हात अद्याप आहेत. सूर ओळखणारे कानही आहेत. फक्त ते एका घरांत असून एकमेकांशीं बोलत नाहींत. महोत्सव आटोपल्यावर दर शनिवारीं दुपारीं ती पडवी उघडी राहील. तेथें बापांनीं मुलांस घेऊन यावें आणि त्या लांकडांतून जें करावेंसें वाटेल तें करावें. गिटार झाली तर उत्तम, गीतपुस्तकांचें साधें घोडें झालें तरी चालेल. किडकीं भोकें बुजवावयास आगकाड्या मी पुरवीन.

नाझरेथच्या सुताराचें एकही वाक्य शुभवर्तमानांत लिहून ठेविलेलें नाहीं. त्यानें व त्याच्या घरीं वाढलेल्या त्या पुत्रानें एका छपराखालीं लांकूड घडविलें, एवढें आपण जाणतों. ज्या घरांत अबोला आहे, त्या घरानें प्रथम यावें. संत योसेफाच्या मध्यस्थीनें प्रभु आपणां सर्वांवर कृपा करो.