आधी आपल्या सिंककडे बघा

पालकहो आणि आज पदवी घेणाऱ्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेवरून तुम्ही शेकडो वेळा गेला असाल. ती मुळात कुलाब्याची. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार, त्या विजेने चुंबकसूचीची नोंद बिघडणार, हे दिसल्यावर १९०४ मध्ये ती इथे आली. इमारतही लोखंड टाळून बांधली. शहराचा उपद्रव मोजमापाला होऊ नये म्हणून केवढी ही काळजी! आज मला उलट बाजूने बोलायचं आहे. आपल्या मोजमापाचा उपद्रव गावाला, खाडीला किती होतो?

तुमच्यातले बरेच जण लवकरच रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत, महाडला, तळोज्याला किंवा रसायनीला क्यूसी लॅबमध्ये रुजू होतील. कुंडलिका, सावित्री, कासाडी, पाताळगंगा या नद्यांचं पाणी या ना त्या कागदावर तुमच्या सहीने जाणार आहे. कासाडीचं नाव ऑगस्ट २०१७ मध्ये देशभर गाजलं, ते तळोज्याच्या निळ्या पडलेल्या भटक्या कुत्र्यांमुळे. तो रंग निदान डोळ्यांना दिसला. लॅबच्या सिंकमधून जातं ते दिसत नाही.

सीओडीच घ्या, म्हणजे पाण्याची रासायनिक ऑक्सिजन मागणी मोजणारी चाचणी. वीस मिलिलिटर सांडपाणी, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट, सिल्व्हर सल्फेट घातलेलं तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि चिमूटभर मर्क्युरिक सल्फेट. दोन तास रिफ्लक्स करायचं, थंड झालं की फेरॉइन टाकून टायट्रेशन. निळसर हिरवा रंग एका थेंबात विटकरी होतो तो क्षण तुम्हाला पाठ आहे. आकडा वहीत जातो, फ्लास्क सिंकमध्ये उपडा होतो.

त्या चिमटीचा हिशेब मांडू. प्रचलित पद्धतीत एका सॅम्पलला ०.४ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट पडतं. त्यात शुद्ध पारा सुमारे २७० मिलिग्रॅम. सांडपाण्यातल्या पाऱ्याची आपल्याकडची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे एका फ्लास्कमधला पारा त्या मर्यादेत बसवायला २७,००० लिटर पाणी लागेल. दहा हजारी टँकर धरले तर पावणेतीन टँकर, एका सॅम्पलसाठी! ब्लँकला आणि डुप्लिकेटला पुन्हा तेवढाच. क्रोमियम आणि चांदी मी अजून मोजलेलीच नाही.

पारा कशाला, तर क्लोराइडला बांधून ठेवायला. नाही तर डायक्रोमेट त्यालाही खातं आणि सीओडी फुगतो. ०.४ ग्रॅमचा डोस लिटरला २,००० मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत पुरतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड १९,००० च्या आसपास असतं. घाटावरच्या लॅबला ही अडचण क्वचित येते. आपल्याकडे रेवदंड्याच्या खाडीचं किंवा धरमतरचं सॅम्पल भरतीच्या वेळी घेतलंत की ती दारात उभी! मग एक तर सॅम्पल पातळ करा, नाही तर पारा वाढवा. घाईत दुसरा मार्ग सोपा वाटतो. खाडी तपासायला खाडीतच पारा सोडायचा, याला मी तपासणी म्हणत नाही.

चिखलातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि तो माशांत साठत जातो. अशा माशांतून होणारा आजार जपानच्या मिनामाता उपसागराकाठी १९५६ मध्ये कोळ्यांच्या घरांतून उघडकीला आला. त्या गावाच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. खारेपाटातला जिताडा आणि खाडीतली कालवं आपण चवीने खातो. तेव्हा हा विषय पुस्तकातला नाही.

उपाय कठीण नाहीत. बंद नळीतल्या लघुप्रमाण पद्धतीत अडीच मिलिलिटर सॅम्पल पुरतं आणि मर्क्युरिक सल्फेट सुमारे ०.०५ ग्रॅम, म्हणजे आठवा हिस्सा. ही पद्धतही मान्यताप्राप्तच आहे. आड येते ती फक्त सवय. एकूण सेंद्रिय कार्बन मोजणाऱ्या टीओसी यंत्राला पारा लागतच नाही. पण यंत्र महाग, खारं पाणी त्यालाही छळतं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात सीओडीच लिहिलेला असतो. मग रोजच्या देखरेखीला टीओसी आणि कायद्याच्या अहवालापुरता सीओडी, अशी जोडी आपल्या कारखान्याच्या पाण्यावर दोन्हींचा मेळ घालून बसवता येते. विरघळलेल्या ऑक्सिजनसाठी विंकलरची १८८८ ची रीत चालवताना आपण विषारी सोडियम अझाइड वापरतो. त्याऐवजी जागच्या जागी वाचन देणारे प्रकाशीय प्रोब आता मिळतात.

महाडच्या औषध कारखान्यांत जाणाऱ्यांची गाठ एचपीएलसीशी, म्हणजे द्रव क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राशी, पडेल. मिनिटाला एक मिलिलिटर मोबाइल फेज म्हणजे रात्रंदिवस चाललं तर जवळजवळ दीड लिटर, आणि त्यात बऱ्याचदा ॲसिटोनायट्राइल. ४.६ मिलिमीटरचा कॉलम काढून २.१ चा लावला तर त्याच रेषीय वेगाला पाचवा हिस्सा द्रावक पुरतो. २००८-०९ मध्ये मंदीमुळे ॲक्रिलोनायट्राइलचं उत्पादन घटलं आणि त्याचंच उपउत्पादन असलेलं ॲसिटोनायट्राइल जगभर मिळेनासं झालं. तेव्हा अनेक लॅब मेथॅनॉलकडे आणि बारीक कॉलमकडे वळल्या. पर्यावरणाच्या प्रेमापोटी नव्हे, बाजारात माल नव्हता म्हणून! जे टंचाईत जमलं, ते सुबत्तेत का जमू नये?

एक इशारा मात्र देतो. हिरव्या पद्धतींना गुण देणारे तक्ते हल्ली बरेच निघाले आहेत. २०२० चा ॲग्री त्यातला नावाजलेला. शोधनिबंधात तो हिरवा गोल छान दिसतो. पण ज्या पद्धतीने आकडाच चुकतो ती हिरवी असून उपयोग नाही. चुकीच्या अहवालाने सुटलेलं सांडपाणी तुमच्या वाचवलेल्या द्रावकापेक्षा कितीतरी जास्त असतं. आधी व्हॅलिडेशन, मग कौतुक.

नव्याचं कोण ऐकतं, असं तुमच्या मनात येईल. एसओपी बदलायला सहा सह्या लागतात हे खरं. सीओडीचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये साठवायला मात्र एकही लागत नाही. त्यातली चांदी परत मिळवता येते, हे हिशेबाच्या भाषेत सांगितलंत तर अकाउंट्सवालेही कान देतील.

पालकहो, तुमच्या मुलामुलींचा पहिला पगार आला की पेढ्यांबरोबर एवढं विचारा, तुमच्या लॅबच्या सिंकचा पाइप कुठे जातो? आणि मित्रमैत्रिणींनो, उत्तर माहीत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी तो पाइप स्वतः शोधून या.